दासगाव : खाडीकाठचं गाव, डोंगराखालचं गाव



आपल्या औद्योगिक वसाहतीत रोज सगळीकडून माणसं कामाला येतात. बिरवाडीची, पोलादपूरची, वीर-दासगावकडची. गाडीत शेजारी बसलेलीला आपण गाव विचारतो. ती म्हणते, "दासगाव." आपण म्हणतो, "हायवेवरचंच ना?" आणि विषय तिथंच संपतो. आज तो थोडा पुढे नेऊ या. लहानशा गावाला भूगोल काय आणि इतिहास काय, असं कुणाला वाटेल. पण दासगावचा ऐकलात, की आपापल्या गावाकडे बघायची नजर बदलेल.

आधी जागा समजून घेऊ. सावित्री नदी महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूरवरून महाडला येते आणि पुढे बाणकोटजवळ समुद्राला मिळते. महाडच्या खाली ती नदी राहत नाही, खाडी होते. भरतीचं पाणी आत येतं, ओहोटीला मागे जातं. महाडहून मुंबईच्या वाटेला लागलं, की गांधारपाल्याची लेणी दिसतात आणि त्याच्या पुढे दासगाव. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला डोंगर आणि मधल्या पट्ट्यात घरं, भातशेती नि रस्ता.

या जागेमुळेच गावाला महत्त्व आलं. रस्ते नव्हते तेव्हा खाडी हाच हमरस्ता होता. घाटावरचा माल बैलांच्या पाठीवरून खाली यायचा आणि खाडीतून गलबतांनी समुद्राकडे जायचा. इंग्रजांना हे बरोबर कळलं होतं. १७५६ साली पेशव्यांशी तह झाला, त्यात बाणकोट आणि आसपासची काही गावं इंग्रजांकडे गेली. दासगाव त्यातलंच. म्हणजे रायगड किल्ला इंग्रजांनी घेतला १८१८ साली, पण त्याच्या साठ वर्षं आधीच दासगावावर कंपनीचा अंमल होता. समोरच्या बाजूला सव गावी गरम पाण्याचे झरे आहेत. त्या पाण्याने बरं वाटतं म्हणून मुंबईचे साहेब लोकही तेव्हा इकडे येत असत.

आता १९२७ सालाकडे येऊ. मार्च महिन्यात महाडच्या चवदार तळ्याचं पाणी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरच्या हजारो माणसांनी प्यायलं, हे आपल्याला ठाऊक आहे. त्याच वर्षी डिसेंबरात दुसरी परिषद भरली. त्या वेळी बाबासाहेब मुंबईहून आले ते मोटारीने नाही, 'पद्मावती' बोटीने. आणि उतरले कुठे? दासगावच्या बंदरावर, २५ डिसेंबरला. लोक त्यांची वाट पाहत थांबले होते. तिथून सगळे रांगेने पायी महाडला निघाले. पाच मैलांची वाट. त्याच रात्री महाडला मनुस्मृतीचं दहन झालं. या परिषदेच्या वेळी बाबासाहेब बायांशी वेगळं बोलले. अंगभर नीट लुगडं नेसा, जातीची खूण म्हणून घालावे लागणारे जड दागिने टाका, मुलींना शिकवा, असं त्यांनी सांगितलं. बायांनी नेसण्याची तऱ्हा तिथल्या तिथे बदलली. तेव्हा मुलीच्या शाळेच्या दाखल्यावर सही करताना दासगावचा धक्का आठवायला हरकत नाही.

पुढे रस्ते सुधारले, खाडीत गाळ भरत गेला, बंदर मागे पडलं. १९९३ साली शेजारच्या वीरपर्यंत कोकण रेल्वे आली. खाडीवर पोट असलेल्या भोई कुटुंबांचे दिवस मात्र कठीण होत गेले. आपल्या कारखान्यांचं सांडपाणी शेवटी जातं कुठे, हा प्रश्न त्या घरांतल्या बायांना विचारून बघा.

आणि मग जुलै २००५. २५ आणि २६ तारखेला पाऊस थांबेचना. महाडात पूर आला होता, रस्ते बंद, फोन बंद. त्यातच दासगावचा डोंगर खाली आला. जुई, कोंडिवते, रोहन इथेही दरडी कोसळल्या. एकट्या दासगावात चाळीसहून जास्त माणसं गेली. जी वाचली, त्यातली किती तरी कुटुंबं पुढे वर्षानुवर्षं पत्र्याच्या शेडमध्ये राहिली. उन्हाळ्यात पत्रा किती तापतो, हे ज्या बाईने त्याखाली चूल पेटवली तिलाच माहीत. सोळा वर्षांनी, २२ जुलै २०२१ ला, आपल्याच तालुक्यात तळिये गावावर दरड आली.

डोंगर असा का येतो? आपल्या डोंगरांत खाली काळा कातळ असतो, वर मातीचा आणि भुसभुशीत दगडाचा थर. पाऊस मुरत मुरत कातळावर पोचतो आणि तिथं अडतो. वरचा थर पाणी पिऊन जड होतो, खालून निसरडा होतो. त्यात रस्त्यासाठी किंवा घरासाठी डोंगराचा पायथा खणलेला असला, झाडं तोडलेली असली, तर त्याला धरून ठेवायला काही उरत नाही.

पण डोंगर पुष्कळदा आधी खुणा देतो. जमिनीला नवी भेग पडते. झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ होतं, नाही तर नसलेल्या जागी झरा फुटतो. झाड किंवा विजेचा खांब कलतो. घराचं दार चौकटीत अडकायला लागतं. या खुणा पहिल्यांदा कुणाला दिसतात? पाणी भरणारीला, लाकूडफाट्याला जाणारीला, गुरं नेणारीला. म्हणजे आपल्याला. तेव्हा "बायकांना काय कळतंय" असं कुणी म्हटलं तरी गप्प बसायचं नाही. सरपंच आणि तलाठ्याला सांगायचं, जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला १०७७ वर फोन करायचा, आणि पाऊस जोराचा असेल तर रात्र पडायची वाट न बघता पोरंबाळं, म्हातारी माणसं घेऊन बाहेर पडायचं.

म्हणून पुढच्या बचत गटाच्या बैठकीत एक काम करा. हिशेब झाले, की अंगणात रांगोळीने आपल्या गावाचा नकाशा काढा. डोंगर, ओढे, झरे, विहिरी, वाड्या दाखवा. गावातल्या म्हाताऱ्या आजीला मध्ये बसवा आणि विचारा, पूर्वी पाणी कुठून यायचं, दरड कधी आणि कुठे आली होती, कोणत्या जागेवर घर बांधू नये असं जुनी माणसं म्हणायची. मग पळायची वाट आणि जमायची सुरक्षित जागा ठरवा. तोच नकाशा वहीत उतरवून घ्या, एक प्रत ग्रामपंचायतीत द्या आणि पोच घ्या. हे सगळं मृग लागायच्या आत करा.