बाळाची गाडीतली पहिली जागा



अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात रॉबर्ट सँडर्स नावाचे एक बालरोगतज्ज्ञ होते. मर्फ्रीसबरो इथे ते सार्वजनिक आरोग्याचं काम पाहत. मोटारीच्या अपघातात लहान मुलं दगावतात, आणि त्यातले कितीतरी मृत्यू टाळता येण्यासारखे असतात, ही गोष्ट त्यांना स्वस्थ बसू देईना. त्यांनी आणि त्यांच्या पत्नीनं आमदारांचे उंबरठे झिजवले. अखेर १९७७ साली टेनेसीच्या विधिमंडळानं लहान मुलांना गाडीत खास खुर्चीतच बसवण्याचा कायदा केला आणि १ जानेवारी १९७८ पासून तो लागू झाला. अमेरिकेतला या प्रकारचा हा पहिला कायदा. मात्र मंजूर होताना त्यात एक पळवाट राहिली. मूल मोठ्या माणसानं हातात धरलं असेल, तर खुर्ची नसली तरी चालेल, अशी ती सवलत होती. ‘मूल चिरडणारं कलम’ असं तिचं नाव पडलं. ती रद्द व्हायला १९८१ साल उजाडलं. त्यानंतर चारच वर्षांत, १९८५ पर्यंत, अमेरिकेच्या सगळ्या ५० राज्यांत असे कायदे झाले.

टेनेसीनं रद्द केलेली ती सवलत महाराष्ट्रातल्या घराघरांत अजून चालू आहे. पहिलं बाळंतपण माहेरी होतं. मग दीड-दोन महिन्यांनी बाळंतीण बाळाला घेऊन सासरी निघते. नाशिकहून पुणं, सांगलीहून ठाणं. बाळाचे बाबा गाडी चालवतात, टोलनाक्यावर दंड नको म्हणून बेल्ट लावतात. मागच्या सीटवर आजी बसते, तिच्या मांडीवर कुंची घातलेलं, दुपट्यात गुंडाळलेलं बाळ. आजीला बेल्ट नाही, बाळाला तर नाहीच. आजीच्या मायेबद्दल इथे शंकाच नाही. प्रश्न फक्त हातांच्या ताकदीचा आहे.

ताशी ५० किलोमीटर वेगानं चाललेली गाडी समोर आदळली, तर साधारण सेकंदाच्या दहाव्या भागात ती थांबते. आतलं सगळं मात्र त्याच वेगानं पुढे जाऊ पाहतं. साडेतीन किलोच्या बाळाला त्या वेळात धरून ठेवायचं, तर हातांना त्याच्या वजनाच्या सुमारे १४ पट जोर लावावा लागेल. म्हणजे सिमेंटची भरलेली गोणी, आणि तीही पूर्वसूचनेशिवाय अंगावर आलेली. पैलवानालाही ते साधणार नाही. त्यातून मोठ्या माणसानं बेल्ट लावला नसेल, तर त्याचं सगळं वजन बाळाला पुढच्या सीटच्या पाठीवर दाबतं. एकच बेल्ट दोघांभोवती घेतला, तरी मधे बाळच सापडतं.

मागची सीट आपोआप सुरक्षित असते हा समजही तितकाच घट्ट आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. मागे बसलेले दोघं गेले, पुढचे दोघं वाचले. मागच्या दोघांनी बेल्ट लावले नव्हते. त्या घटनेनंतर मागच्या बेल्टची चर्चा महाराष्ट्रात पहिल्यांदा घरोघरी झाली. बाळाच्या खुर्चीची मात्र फारशी झाली नाही. वास्तविक कायदा तेव्हाही होता. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती होऊन कलम १९४ ब आलं. चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा मुलांसाठीची खुर्ची नसेल, तर गाडी चालवणाऱ्याला १,००० रुपये दंड आहे. नवजात बाळाला मोठ्यांचा बेल्ट बसूच शकत नाही. म्हणजे त्याच्यापुरता उरतो तो खुर्चीचाच पर्याय.

आता ही खुर्ची, जिला सगळे कार सीट म्हणतात, ती कशी घ्यायची?

पहिली आणि सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या काचेकडे हवं. नवजात बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या जवळजवळ चौथा हिस्सा असतं. मोठ्या माणसात ते सातवा-आठवा हिस्सा असतं. एवढं जड डोकं ज्या मानेवर आहे, त्या मानेतले मणके अजून पुरते हाडाचे झालेले नसतात. त्यांचे तुकडे मऊ कूर्चेनं जोडलेले असतात. बाळ पुढे तोंड करून बसलेलं असताना गाडी आदळली, तर धड पट्ट्यांनी थांबतं आणि डोकं पुढे फेकलं जातं. सगळा ताण त्या कोवळ्या मानेवर येतो. तेच बाळ मागे तोंड करून असेल, तर डोकं, मान आणि पाठ तिन्ही मिळून खुर्चीच्या पाठीत रेलतात आणि धक्का सगळ्या पाठीवर पसरतो.

हे पहिल्यांदा नीट ओळखलं ते बर्टिल आल्डमन या स्वीडिश डॉक्टरांनी. अमेरिकेचे जेमिनी यानातले अंतराळवीर उड्डाणाच्या वेळी पाठीवर रेलून बसत आणि तो प्रचंड दाब पाठीवर झेलत. ते पाहून आल्डमन यांना उलट्या तोंडाच्या खुर्चीची कल्पना सुचली. १९६४ साली त्यांच्या खुर्चीचा पहिला नमुना व्होल्वो गाडीत तपासला गेला. युरोपातल्या ‘आर १२९’ या नव्या मानकानं आता मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत उलटं बसवणं सक्तीचं केलं आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना तर २०१८ पासून सांगते आहे, की खुर्चीची उंची आणि वजनाची मर्यादा संपेपर्यंत मूल उलटंच बसू द्या. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा विभागाच्या हिशेबानं, नीट बसवलेल्या खुर्चीमुळे वर्षाच्या आतल्या बाळांच्या मृत्यूचा धोका ७१ टक्क्यांनी कमी होतो.

दुकानात गेल्यावर उलट्या तोंडाच्या खुर्च्या मुख्यतः दोन जातींच्या दिसतात. एक म्हणजे दांडी असलेली, टोपलीसारखी उचलून नेता येणारी खुर्ची. ती साधारण १३ किलोपर्यंत चालते, फक्त उलटीच बसते. नवजात बाळाच्या अंगाला ती सगळ्यांत चांगली बसते, कारण ती त्याच्याच मापानं घडवलेली असते. दुसरी म्हणजे ‘कन्व्हर्टिबल’, आधी उलटी आणि पुढे सुलटी होणारी, १८ किंवा २५ किलोपर्यंत पुरणारी. एकाच खर्चात चार वर्षं निघतील म्हणून बहुतेक आईवडिलांचा हात तिच्याकडे जातो. तो विचार चुकीचा नाही. पण विकत घेण्याआधी एक गोष्ट डोळ्यांनी पाहायला हवी. खांद्याच्या पट्ट्या जिथून बाहेर येतात, त्यातली सगळ्यांत खालची खाच बाळाच्या खांद्याच्या पातळीवर किंवा त्याखाली हवी. खोक्यावर ‘जन्मापासून’ असं लिहिलेल्या कितीतरी खुर्च्यांत ही खाच अडीच किलोच्या बाळाच्या कानापाशी येते. अशा खुर्चीत बाळ पट्ट्यांतून वर सरकू शकतं. नव्या मानकाच्या खुर्च्यांवर वजनाऐवजी उंची लिहिलेली असते. ४० सेंटिमीटरपासूनची खुर्ची मिळाली, तर लहानखुऱ्या बाळाला ती बरी पडते.

वेळेआधी जन्मलेल्या बाळांची गोष्ट वेगळी. अर्धवट बसत्या अवस्थेत त्यांची हनुवटी छातीला टेकते, श्वासाची वाट अरुंद होते आणि रक्तातला प्राणवायू कमी होऊ शकतो. म्हणून अमेरिकेतल्या पुष्कळ रुग्णालयांत ३७ आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळाला घरी सोडण्यापूर्वी त्याच्याच खुर्चीत दीड-दोन तास बसवून श्वास आणि हृदयाचे ठोके तपासतात. ज्याला हे जमत नाही, त्याच्यासाठी आडवं झोपवून नेण्याचा, पट्ट्या असलेला कार बेड असतो. आपल्याकडे तो सहज मिळत नाही. अशा बाळाच्या पहिल्या प्रवासाबद्दल डॉक्टरांना आधी विचारणं, आणि शक्य असेल तर तो प्रवास पुढे ढकलणं, हेच शहाणपणाचं.

बाजारात आणखी एक वस्तू मिळते, आणि तिच्यापासून सावध राहायला हवं. झुलती, दांडीची, ‘फोर इन वन’ म्हणून विकली जाणारी कॅरी कॉट. दिसायला ती थेट कार सीटसारखी. तिच्यातल्या काही आदळण्याच्या चाचणीतून गेलेल्या असतात, काही नसतात. फरक रंगावरून किंवा किमतीवरून कळत नाही, तो लेबलवरून कळतो. खुर्चीच्या बुडाशी किंवा पाठीमागे नारिंगी रंगाचं लेबल शोधावं. त्यावर वर्तुळात इंग्रजी ‘ई’ आणि शेजारी एक आकडा असतो, जोडीला युरोपच्या जुन्या मानकाचं ‘आर ४४’ किंवा नव्याचं ‘आर १२९’ असं लिहिलेलं असतं. भारताचं स्वतःचं मानक एआयएस-०७२ आहे. यातलं काहीच नसेल, तर ती वस्तू घरातल्या जमिनीवर ठेवावी, गाडीत नाही.

परदेशातून आलेल्या खुर्च्यांचाही एक गुंता आहे. न्यू जर्सीतली मावशी सुट्टीला येताना तिच्या मुलाची चांगली, महागाची खुर्ची घेऊन येते. अमेरिकेतल्या गाड्यांचा मागचा बेल्ट पूर्ण बाहेर ओढला, की मागे जाताना जागच्या जागी अडकतो आणि सैल होत नाही. तिथल्या बऱ्याच खुर्च्या हे गृहीत धरून बनवलेल्या असतात. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांतला बेल्ट झटका बसला तरच अडकतो. त्यामुळे खुर्चीला स्वतःची बेल्ट पकडणारी खिट्टी नसेल, तर ती पहिल्या चार वळणांतच सैल पडते. शिवाय वापरलेली खुर्ची घेताना ती कोणत्याही अपघातातून गेलेली नाही याची खात्री हवी. प्लास्टिकवर कोरलेली मुदतीची तारीखही पाहायला हवी. अनोळखी माणसाकडून ही खात्री मिळत नाही, म्हणून अशी खरेदी टाळलेलीच बरी.

गाडी कोणती आहे, यावरही निवड ठरते. मागच्या सीटची पाठ आणि गादी यांच्या फटीत हात घातला, की नव्या गाड्यांत लोखंडाच्या दोन कड्या लागतात. याच आयसोफिक्सच्या कड्या. खुर्चीचे किंवा तिच्या बेसचे दोन हात त्यांत ‘खट्’ आवाज करून अडकतात, आणि बसवताना चूक होण्याची शक्यता पुष्कळ कमी होते. जुन्या गाडीत त्या नसतात. तिथे तीन बिंदूंचा बेल्ट वापरावा लागतो, आणि टोपलीच्या खुर्चीला वळसा घालून तो बकलपर्यंत पोचतो का हे दुकानाच्या दारात गाडी उभी करूनच तपासावं. उलटी खुर्ची जागाही खूप खाते. छोट्या हॅचबॅकमध्ये पुढची सीट किती सरकवावी लागते, हे तेव्हाच कळतं.

नवी गाडीच घ्यायची असेल, तर आदळण्याच्या चाचणीत सुरक्षेसाठी मिळालेल्या ताऱ्यांपैकी मुलांचे तारे वेगळे पाहावेत. २०१८ च्या डिसेंबरात टाटा नेक्सॉनला ग्लोबल एनकॅप या गाड्या तपासणाऱ्या संस्थेच्या चाचणीत मोठ्यांसाठी ५ तारे मिळाले, पण मुलांसाठी ३ होते. पुढे २०२४ साली तिच्या नव्या आवृत्तीला दोन्हीकडे ५ मिळाले. ऑक्टोबर २०२३ पासून भारताची स्वतःची अशीच चाचणी, भारत एनकॅप, सुरू झाली आहे. त्यातही दीड वर्षाच्या आणि तीन वर्षांच्या मुलांच्या मापाचे पुतळे बसवून गाडी आदळवतात आणि मुलांचे गुण स्वतंत्र देतात.

खुर्चीची जागा मागच्या सीटवर. पुढे एअरबॅग असते, आणि ती डोळ्याची पापणी लवण्याआधी फुगते. उलट्या खुर्चीची पाठ तिच्या अगदी समोर येते. १९९० च्या दशकात अमेरिकेत अशा रीतीनं, एरवी किरकोळ ठरले असते अशा अपघातांत बाळं दगावली. मागे डाव्या बाजूला खुर्ची ठेवली, तर बाळाला फुटपाथच्या बाजूनं उतरवता येतं.

आता दुपट्याकडे वळू. पट्ट्या दोन्ही खांद्यांवरून आणि दोन्ही पायांच्या मधून यायला हव्यात, त्यामुळे दुपट्यात गुंडाळलेलं बाळ खुर्चीत नीट बसतच नाही. जाड स्वेटर किंवा कुंचीचा घोळ पट्टीखाली राहिला, तर पट्टी घट्ट वाटते, पण धक्क्यानं कापड दबतं आणि पट्टी सैल पडते. म्हणून आधी बाळाला साध्या झबल्यात बसवावं, पट्ट्या ओढाव्यात, खांद्यापाशी पट्टीची चिमूट घेऊन पाहावी. चिमटीत पट्टी आली तर आणखी ओढावी. मग वरून दुपटं पांघरावं, तोंड मोकळं ठेवून. उन्हात उभ्या असलेल्या गाडीत बकलचा धातू चांगलाच तापतो. बसवण्याआधी त्याला हात लावून बघावा.

रिक्षात आणि बेल्ट नसलेल्या टॅक्सीत ही खुर्ची लावायची सोयच नाही. प्रसूतिगृहातून घरी जाण्याचा दिवस आधीच ठाऊक असतो. त्या दिवसापुरती तरी मागे चालू स्थितीतले बेल्ट असलेली गाडी ठरवणं पुष्कळ घरांना जमण्यासारखं आहे. लांबच्या रस्त्यावर दर दीड-दोन तासांनी थांबावं, बाळाला बाहेर काढून आडवं करावं. पहिल्या काही आठवड्यांत त्याहूनही लवकर. प्रवासात कुणीतरी शेजारी बसून हनुवटी छातीला टेकत नाही ना, हे बघत राहावं. घरी पोचल्यावर झोपलेलं बाळ खुर्चीतच राहू देऊ नये, ते पाळण्यात किंवा सपाट अंथरुणावर ठेवावं.

काही महिन्यांत बाळाचे पाय खुर्चीच्या टोकाबाहेर येतील आणि गाडीच्या सीटला टेकतील. नातेवाईक म्हणतील, अवघडलंय बिचारं, आता सुलटं बसवा. पाय दुमडलेले असले तरी मुलाला त्याचा त्रास होत नाही. टोपलीची खुर्ची बदलायची ती डोक्याचा माथा आणि खुर्चीची वरची कड यांत अडीच सेंटिमीटरपेक्षा कमी अंतर उरल्यावर, किंवा लेबलवरचं वजन पूर्ण झाल्यावर. आणि तेव्हाही घ्यायची ती दुसरी, मोठी, पण उलटीच बसणारी खुर्ची.