यादीतले पंचवीस देश

विमानतळावरची इमिग्रेशनची रांग तुमच्यापैकी अनेकांच्या ओळखीची असेल. पासपोर्ट पुढे करायचा, शिक्का पडला की सुटलो. पण रांगेतल्या कुणाला बाजूच्या खोलीत न्यायचं, हे त्याच्या देशावरून ठरवावं का?

अमेरिकेने २००२ साली तसं ठरवून पाहिलं. न्यूयॉर्कवरच्या हल्ल्याला वर्ष होत होतं. हळूहळू २५ देशांची यादी झाली. उत्तर कोरिया सोडला तर जवळपास सगळे मुस्लिमबहुल. तिथल्या १६ वर्षांवरच्या पुरुषांनी बोटांचे ठसे द्यायचे, फोटो काढून घ्यायचा, प्रश्नांना उत्तरं द्यायची. अमेरिकेत आधीच राहणाऱ्या विद्यार्थ्यांना, नोकरदारांनाही बोलावणं आलं. ८० हजारांहून अधिक जण आपल्या पायांनी कचेरीत गेले. त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणांवर हद्दपारीची कारवाई सुरू झाली. कारण काय? बहुतेकांच्या कागदपत्रांत काहीतरी खोट, व्हिसाची मुदत टळलेली. दहशतवादासाठी शिक्षा झाल्याचं उदाहरण मात्र एकही पुढे आलं नाही. म्हणजे जे सरळपणे हजर झाले, तेच अडकले!

तपासणी हवीच, त्यात वाद नाही. पण डिसेंबर २००१ मध्ये बुटात स्फोटकं लपवून विमानात चढलेला रिचर्ड रीड ब्रिटिश नागरिक होता. ब्रिटनचं नाव या यादीत कधीच आलं नाही.

२०११ मध्ये यादी रिकामी केली गेली. या नोंदणीचा नियम मात्र डिसेंबर २०१६ पर्यंत कागदावर होता.