चरित्रकाराचा पक्षपात आणि वाचकाची कसोटी



चरित्रकार पक्षपाती आहे असे म्हणणे सोपे. तो पक्षपात पुराव्याने दाखविणे कठीण. शिवाय तो सिद्ध झाला, तरी चरित्रातील प्रत्येक विधान खोटे ठरत नाही. रायपूरच्या इतिहासातील एक उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे.

१८५४ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा झाले आणि छत्तीसगड प्रत्यक्ष इंग्रजी अंमलाखाली आले. १८५६ च्या दुष्काळात सोनाखानचे बिंझवार जमीनदार नारायणसिंह यांनी एका व्यापाऱ्याच्या कोठारातील धान्य काढून उपाशी रयतेत वाटले. त्यांना पकडून रायपूरच्या तुरुंगात ठेवण्यात आले. १८५७ मध्ये ते तेथून निसटले, पुन्हा हाती लागले आणि त्याच वर्षी १० डिसेंबर रोजी रायपुरात त्यांना देहदंड देण्यात आला.

याच कृत्याला सरकारी लेखणीने गुन्हा ठरविले, तर स्वातंत्र्योत्तर चरित्रकारांनी लोकसेवा. हे दोन्ही शब्द निवाडे आहेत; घटना नव्हेत. म्हणून वाचकाने प्रथम विशेषणे बाजूला सारावीत आणि लेखकाने काय गाळले ते पाहावे. भुकेचा उल्लेख नसलेला अहवाल जितका अपुरा, तितकेच व्यापाऱ्याची तक्रार न नोंदविणारे चरित्रही अपुरे होय.

दुसरी कसोटी अधिक महत्त्वाची आहे. धान्य घेतल्याचे नारायणसिंहांनी स्वतःच डेप्युटी कमिशनरला कळविले, असे चरित्रकार सांगतात. ही गोष्ट केवळ चाहत्याच्या लेखणीतून आली असेल, तर तिचे मोल बेताचेच. परंतु त्यांना शिक्षा करणाऱ्या कचेरीच्या पत्रव्यवहारातही ती आढळली, तर ते मोल कितीतरी वाढते. कारण स्वपक्षाला गैरसोयीची गोष्ट कोणी हौसेने लिहीत नाही.

हाच नियम आवडत्या नायकाच्या चरित्रालाही लावावा लागतो. नारायणसिंहांना फाशी दिले असे काही लेखक म्हणतात. तोफेच्या तोंडी दिले असे काही. तोफेचे चित्र अधिक हृदयद्रावक आहे. परंतु हृदयद्रावकता म्हणजे पुरावा नव्हे. समकालीन नोंद कोणती आणि उत्तरकालीन कथन कोणते, हे पाहूनच निर्णय केला पाहिजे.

पराभूताची बाजू पुष्कळदा जेत्याच्या दप्तरातच शोधावी लागते. ते दप्तर पक्षपाती म्हणून फेकून दिले, तर पराभूताचा साक्षीदारही त्याबरोबर नाहीसा होतो.