मोटारींतील बंदूक आणि नाक्यावरचा शिपाई

परवान्याची बंदूक मोटारींत ठेवून निघालेल्या पुणेकर गृहस्थाला नाक्यावर शिपायानें अडविलें, तर परवाना दाखवितांच काम भागलें, असें त्याला वाटतें. १९५९ च्या शस्त्र-कायद्याचें १९ वें कलम तेवढेंच मागतें; परवाना न दाखविल्यास मात्र नांव-पत्ता द्यावा लागतो व हत्यारहि जप्त होऊं शकतें. खरी मेख २० व्या कलमांत आहे. शस्त्र नेण्याची रीत वा प्रसंग गैरकृत्याचा संशय येण्याजोगा असेल, तर परवाना असो वा नसो, वॉरंटावांचून अटक होऊं शकते. हा अधिकार वाहनावरील नोकरासहि आहे. म्हणजे, ऐकणारास नवल वाटेल, एस.टी.च्या कंडक्टरालासुद्धां!

अधिकार जबर खरा. परंतु १० ऑगस्ट १९८६ रोजीं पुण्याच्या लष्कर भागांत जनरल अरुणकुमार वैद्य आपल्या मोटारींत असतां मोटारसायकलवरील मारेकऱ्यांनीं त्यांना गोळ्या घातल्या. त्यांपैकीं सुखदेवसिंग पुढच्याच महिन्यांत पिंपरीस सांपडला, तो मोटारसायकलचा ट्रकशीं अपघात झाला म्हणून. गाडींत कोण बसला आहे, हें हटकणाऱ्या शिपायाला ठाऊक नसतें. यास्तव गृहस्थानें हात स्थिर ठेवून बंदूक कोठें आहे तें आधीं तोंडानें सांगावें. परवान्यासाठीं खिशांत हात मागाहून घालावा.