तारेच्या वाटेचा हिशेब

आजव्याचा तलाव ठाऊक नाही असा बडोदेकर विरळाच. सयाजीराव महाराजांच्या कारकीर्दीत, 1892 साली, त्या तलावाचे पाणी नळावाटे शहरास मिळू लागले. जगन्नाथ सदाशिवजी या अभियंत्यांचे ते काम. समजा, ‘एवढ्या वस्तीच्या शहरास साधारण इतका नळ लागतो’ असा आडाखा बांधून त्यांनी नळाचा व्यास ठरविला असता, आणि तलाव कोठे व मांडवी कोठे हे मागाहून पाहिले असते, तर पाणी पोहोचले असते काय?

चिपची रचना करणारे मात्र कित्येक वर्षे असाच आडाखा बांधीत आले. मंडलाने काय करावयाचे ते अभियंता व्हेरिलॉगसारख्या भाषेत लिहून देतो. संगणक त्याचे लक्षावधी तर्कद्वारांत रूपांतर करतो. यास संश्लेषण म्हणतात. द्वारे सिलिकॉनवर कोठे बसवावयाची, हे त्यानंतर ठरते. साहजिकच संश्लेषणाच्या वेळी तारांची लांबी अज्ञात असे. एक तार किती द्वारांना जोडावयाची, एवढ्यावरून सरासरी लांबी गृहीत धरीत.

द्वारे मंद होती तोवर हे खपले. पुढे ती लहान व चपळ झाली. तारा मात्र बारीक होताच त्यांचा विद्युत्-रोध वाढला. सलग लांब तारेची लांबी दुप्पट केली, की तिच्यातील विलंब जवळजवळ चौपट होतो. हिशेबात वेळेत बसलेले मंडल मांडणीनंतर नापास ठरू लागले. पुन्हा संश्लेषण, पुन्हा मांडणी, अशा येरझारांत आठवडे जात. खबरदारी म्हणून सगळीच द्वारे मोठी घ्यावीत, तर जागा आणि वीज फुकट जाई.

म्हणून 2000 सालाच्या सुमारास दोन्ही कामांची सांगड घालण्यात आली. चिपची सीमा, स्मृतिकोशांच्या जागा आणि बाहेरील जोडण्यांची ठिकाणे संश्लेषणापूर्वीच सांगितली जातात. संगणक द्वारे निवडतानाच त्यांची तात्पुरती मांडणी करून तारा मोजतो. तार लांब दिसली, तर संकेतास नवा जोर देणारे द्वार वाटेत बसवितो. जवळच्या तारेवर वीज दवडीत नाही. तारांची दाटी कोठे होईल, हेही आधीच उमगते.

अर्थात मूळ आराखडाच चुकीचा असेल, तर संगणक त्या चुकीस इमानाने अनुसरतो. जागांची निवड करताना माणसाचा विवेक लागतोच.

2024 च्या मार्चमध्ये धोलेरा येथे चिप-कारखान्याची पायाभरणी झाली. 1890 साली आपल्या शहरात कलाभवन निघाले. त्याची परंपरा आज विद्यापीठाची अभियांत्रिकी शाखा चालवीत आहे. तेथील तरुणांपैकी काही उद्या या क्षेत्रात जातील. त्यांनी आजव्यास एक फेरी अवश्य मारावी. कोणतीही रचना अखेर जमिनीवर उतरावयाची असते. म्हणून त्या जमिनीस पहिल्याच दिवशी विचारावे, हा धडा तेथे शतकाहून अधिक काळ वाहतो आहे.