डाकीण कोण ठरवतं?

(पलसाणा येथे मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



रस्ते, पाणी, मराठी शाळा हे आपल्या सभेचे नेहमीचे विषय. आज आम्ही थोडा कडू विषय घेत आहोत.

सुरतहून भुसावळकडे जाणारी गाडी चलथाण सोडते आणि बारडोली, व्यारा, नवापूर करत नंदुरबारला पोहोचते. या पट्ट्यात एक शब्द ऐकू येतो. गुजरातीत डाकण, सातपुड्यात डाकीण, डांगाकडे भुताळी. जिच्यावर तो पडतो ती बहुधा विधवा, निपुत्रिक किंवा एकटी असते. पुष्कळदा तिच्याकडे थोडी जमीनही असते.

पोर तापानं दगावतं. दवाखाना लांब. असं का झालं, याचं उत्तर भगत देतो. पण भगताच्या कानात नाव कोण घालतं? बाई गावाबाहेर गेल्यावर तिचं शेत कोण कसतं, ते पाहावं. बराच उलगडा होतो. इकडे तिच्या मुलांची शाळा सुटते, मुलींची लग्नं अडतात आणि ज्या तापानं पोर गेलं तो गावात तसाच राहतो.

हे आपल्यात नाही, असं म्हणण्याची घाई नको. विधवा काकूला आपण ओटी भरू देतो का? ‘नजर लागली’ म्हणताना कोणाकडे पाहतो? सुरुवात आपल्या उंबऱ्यातच होते.

डॉ. नरेंद्र दाभोलकर ज्या कायद्यासाठी वर्षानुवर्षे झटले, त्याचा वटहुकूम २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाल्यावर चार दिवसांत निघाला. डिसेंबरात महाराष्ट्रात कायदा झाला. अमुक बाई गुरांचं दूध आटवते असा संशय पसरवून तिचं जगणं कठीण करणं, हासुद्धा त्यात गुन्हा आहे. गुजरात विधानसभेनेही ऑगस्ट २०२४ मध्ये अशा प्रथांविरुद्ध कायदा मंजूर केला. दोन्हींत सहा महिने ते सात वर्षांच्या कैदेची तरतूद आहे.

पण कायदा आपण होऊन दार ठोठावत नाही. म्हणून मंडळापुढे आमच्या दोन सूचना आहेत. विधवा भगिनींची नावं सातबाऱ्यावर चढेपर्यंत तलाठ्याकडे आपल्यापैकी कोणीतरी सोबत जावं. आणि अशी कुजबुज कानी आली तर मारहाणीची वाट न पाहता त्याच दिवशी पोलिस ठाण्यात तक्रार द्यावी.

बाई एकटी दिसते म्हणून तिच्याकडे बोट वळतं. तिला एकटं पडू न देणं आपल्या हातात आहे.