संध्याकाळचा एक तास मुलींना द्या

घोटीहून बोलतेय, बचत गटाची समन्वयक. आज कर्ज-हप्त्याचं काही सांगणार नाही. शाळा सुटल्यावर आपल्या मुली काय करतात, त्यावर बोलायचंय.

मुलगा दप्तर टाकतो आणि बॅट घेऊन पळतो. मुलगी दप्तर टाकते आणि हंडा उचलते. वर आपण म्हणतो, "पोरगी किती जबाबदार!" मला हे पटत नाही. सांगितलेलं निमूट केलं, एवढ्याने जबाबदारी येत नाही. आपण चुकलो तर बाकीच्यांचं अडेल, हे मनात उतरावं लागतं.

खो-खोच बघा. आठ जणी एकीआड एक उलट्या तोंडाने बसतात, नववी पाठलाग करते. खो मिळेपर्यंत उठायचं नाही, मिळाला की थांबायचं नाही. समोरची हाताच्या अंतरावरून पळाली तरी मध्येच उठून धरता येत नाही. उतावळी असो की सुस्त, दोघींना खेळच वळण लावतो. आईने दहादा सांगून होत नाही ते तिथे होतं. याच खेळाचा पहिला विश्वचषक जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झाला. भारताच्या मुलींनी तो जिंकला. कर्णधार होती आपल्या महाराष्ट्राची प्रियंका इंगळे.

पण नुसतं मैदान पुरत नाही. पाठीशी कुणी मोठं माणूस लागतं. हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत आपल्याच जिल्ह्यातली. तिला नाशिकला विजेंद्रसिंग हे प्रशिक्षक मिळाले. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत तिने दहा हजार मीटरमध्ये कांस्य मिळवलं, त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य. दहा हजार मीटर म्हणजे मोठ्या मैदानाला पंचवीस फेऱ्या!

सगळ्या मुली कविता होणार नाहीत. पण "काल का आली नाहीस?" असं विचारणारं कुणीतरी सगळ्यांनाच हवं. बारावी होऊन घरी बसलेली एखादी ताई बघा. खेळ तिला थोडाफार आला तरी चालेल, हजेरीची वही मात्र रोज भरायची. मुलगी तीन दिवस दिसली नाही तर घरी जाऊन चौकशी करायची. शाळा सुटते, लग्न ठरतं, ते गुपचूपच. वही असली की निदान वेळेत कळतं.

फक्की मारणं, सामान मोजून ठेवणं, बारक्यांना अंधाराच्या आत घरी पोचवणं, ही कामं मुलींवरच सोपवा, आळीपाळीने. सरपंचाची मुलगी म्हणून सूट नको.

आवणीत कुणालाच फुरसत नसते आणि मैदानाचा चिखल होतो, हे खरंय. तेव्हा समाजमंदिरात बुद्धिबळाचा पट मांडा, वही बंद ठेवू नका. आणि पाण्याचं म्हणाल, तर एक हंडा मुलाने आणला म्हणून त्याचे हात झिजत नाहीत.

पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की लगेच उठू नका. कोणत्या ताईला विचारायचं आणि शाळेच्या फाटकाची किल्ली कुणाकडे मागायची, एवढं ठरवून घ्या. पहिल्या दिवसाची फक्की गटाच्या पैशातून आणली तरी चालेल.